रक्तदानाची चुरस आणि तिचा हिशेब

आमच्या कारखान्यात रक्तदान शिबिर दरवर्षी होत असे आणि दरवर्षी त्याच त्या चेहऱ्यांच्या भरवशावर पार पडत असे. सूचनाफलकावर पत्रक लागे, ठरल्या दिवशी रक्तपेढीचे पथक सभागृहात खाटा मांडी, नेहमीचे रक्तदाते येऊन जात आणि बाकीचे लोक मधल्या सुट्टीत दारातून डोकावून परत फिरत. या बाकीच्यांचा रक्तदानाला विरोध होता असे मुळीच नाही. मी लेखा विभागात काम करते, त्यामुळे सगळ्या विभागांतील माणसांशी रोजचे बोलणे असते. विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे, "द्यायचं आहे हो ताई, पुढच्या वेळी नक्की." नाही कोणीच म्हणत नव्हते आणि येतही कोणी नव्हते. अशा माणसाला पत्रकाने हलवता येत नाही; शेजारच्या यंत्रावरच्या सहकाऱ्याने "चल, मी निघालोय" असे म्हटले तर तो उठतो. याच विचारातून उत्पादन विभाग विरुद्ध कार्यालय अशी रक्तदानाची स्पर्धा घ्यावी, असे आम्हा स्वयंसेवकांच्या मनात आले. या दोन गटांची क्रीडास्पर्धांमधली चुरस जुनी आणि सर्वांना माहीत असलेली होती, तीच इकडे वळवायची होती.

असे सामने जगात नवे नाहीत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांचे फुटबॉलमधले वैर प्रसिद्ध आहे. १९८२ पासून या दोन विद्यापीठांत सामन्यापूर्वीच्या आठवड्यांत रक्तदानाचीही स्पर्धा होत आली आहे. ब्राझीलमधील साल्वादोर शहराच्या व्हितोरिया या फुटबॉल संघाने २०१२ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. त्या संघाच्या गणवेशावर लाल आणि काळे पट्टे असतात. संघाने लाल पट्टे पांढरे करून टाकले आणि चाहत्यांनी जसजसे रक्तदान केले तसतसे ते एकेक करून पुन्हा लाल केले. आपल्या संघाचा रंग आपल्या रक्ताने परत आणायचा, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते, कारण तिच्यात कोणाला हरवायचे नव्हते आणि तरीही चुरशीची सगळी ओढ होती.

व्यवस्थापनाची परवानगी सहज मिळाली. मग आम्ही रक्तपेढीत जाऊन तिथल्या रक्तसंक्रमण अधिकारी डॉक्टरबाईंना भेटलो. आमचा उत्साह त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जिंकलं कोण, हे कशावरून ठरवणार?" ज्या गटाच्या रक्तपिशव्या जास्त तो गट विजयी, असे आमच्यातल्या एकाने सांगितले. त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक शिबिर संयोजकाने ऐकावे असे आहे, म्हणून मी ते सविस्तर देते.

घेतलेल्या प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांसाठी चाचणी होते, हे सर्वांना माहीत असते. मात्र संसर्ग नुकताच झालेला असेल तर काही काळ तो कोणत्याही चाचणीत सापडत नाही. आधुनिक चाचण्यांनी हा काळ पुष्कळ कमी केला असला तरी तो शून्यावर आलेला नाही. त्यामुळे रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली भिंत प्रयोगशाळेत उभी राहत नाही. ती उभी राहते रक्तदात्याने अर्जातील प्रश्नांना दिलेल्या खऱ्या उत्तरांवर. आता कल्पना करा, की गटाला बरोबरी साधायला एकच पिशवी कमी पडते आहे, दारात सहकारी घोषणा देत आहेत आणि तपासणीच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाने गेल्या आठवड्यात प्रतिजैविके घेतली आहेत किंवा आयुष्यातली अशी एखादी गोष्ट त्याला ठाऊक आहे जी कोणालाच सांगता येत नाही. खरे सांगितले तर तो हात हलवत बाहेर येणार आणि सगळे विचारणार, "का रे, काय झालं?" त्या क्षणी खोटे बोलणे त्याला सोपे वाटेल आणि त्याची किंमत एखादा अनोळखी रुग्ण मोजेल. "चुरस हवीच आहे मला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण ती माझ्या टेबलाच्या अलीकडे थांबायला हवी. पडद्याच्या आत प्रत्येक जण एकटा असला पाहिजे."

त्या दिवशी ठरलेला नियम हाच पुढे आमच्या सगळ्या उपक्रमाचा कणा झाला. गुण पिशवीला नाही, तर टेबलापर्यंत आलेल्या माणसाला. जो नोंदणी करील, अर्ज भरील आणि वैद्यकीय तपासणी करून घेईल, त्याचा गुण त्याच्या गटाला मिळणार. पुढे त्याचे रक्त घेतले गेले की नाही याच्याशी गुणांचा संबंध राहणार नाही. तपासणीची जागा पडद्याआड ठेवायची, खाटाही पडद्याआडच मांडायच्या, आत गेलेला प्रत्येक जण विश्रांतिकक्षातूनच बाहेर येईल अशी मांडणी करायची आणि छातीवर लावायची चिकटपट्टी सर्वांना सारखीच द्यायची, म्हणजे कोणाचे रक्त घेतले आणि कोणाला थांबवले हे बाहेरच्याला कळण्याचे कारण उरत नाही. रक्त दिल्यानंतरही ज्याला शंका वाटेल त्याने अर्जावरचा क्रमांक सांगून रक्तपेढीला दूरध्वनी करायचा आणि "माझं रक्त वापरू नका" एवढेच सांगायचे. कारण कोणी विचारणार नाही. ही सोयही त्यांनी करून दिली.

उत्पादन विभागाच्या कप्तानाला हा नियम पटवणे सोपे गेले नाही. "म्हणजे नुसतं येऊन नाव लिहून गेलं तरी गुण?" असा त्यांचा रोखठोक सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. मी त्यांना सांगितले, की एवढा मोठा अर्ज भरून, रक्तदाब मोजून आणि बोटाला सुई टोचून घ्यायला जो माणूस तयार होतो, तो केवळ गुणासाठी येत नाही. शिवाय एकदा तात्पुरता अपात्र ठरलेला माणूस बऱ्याचदा पुन्हा फिरकतच नाही, हा जगभरच्या रक्तपेढ्यांचा अनुभव आहे. आपण नापास झालो अशी त्याची समजूत होते. त्याच्या गटाने त्याचा गुण मोजला, तर तो आपल्या गटातच राहतो आणि तीन महिन्यांनी परत येण्याची शक्यता टिकून राहते. कप्तान थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं, पण मग टक्केवारी धरा. आमची माणसं जास्त म्हणून आम्ही जिंकलो, असं कार्यालयानं नंतर म्हणायला नको." टक्केवारीची सूचना कार्यालयाकडून येईल अशी माझी अपेक्षा होती, ती मोठ्या गटाकडून आली याचा मला मनापासून आनंद झाला.

बक्षिसांचा प्रश्न याहून नाजूक होता. एका पुरवठादाराने प्रत्येक रक्तदात्याला खरेदीचे कूपन देण्याची तयारी दाखवली होती आणि आमच्यातल्या काहींना ती फारच आवडली होती. रक्तदान ऐच्छिक आणि विनामोबदला असावे, असा आग्रह जागतिक आरोग्य सभेच्या १९७५ च्या ठरावापासून चालत आला आहे. २००९ च्या मेलबर्न जाहीरनाम्यात तो पुन्हा ठामपणे मांडला गेला. रोख रक्कम किंवा रोखीसारखी वापरता येणारी कोणतीही वस्तू मोबदला ठरते. छोटीशी आठवणवस्तू, अल्पोपाहार, प्रवासखर्च यांना हरकत नसते. कूपन हे रोखीच्याच जवळचे असल्यामुळे डॉक्टरबाईंनी ते साफ नाकारले.

या विषयावर संशोधकांत एकमत नाही, हेही सांगायला हवे. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रक्तदाता होण्यासाठीच्या तपासणीला येण्याबद्दल पैसे देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरले. तेच पैसे धर्मादाय कामाला देण्याची मुभा ठेवताच ते पुन्हा पूर्वपदावर आले. उलट २०१३ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शिबिरांमधल्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा बहुतेक प्रलोभनांनी रक्तदान वाढल्याचे आणि रक्ताच्या सुरक्षिततेवर सहसा वाईट परिणाम न झाल्याचे त्यांना आढळले. दोन्ही बाजू वाचून माझे मत असे झाले, की प्रलोभन किती मोठे आहे यापेक्षा ते माणसाला काय सांगते याला महत्त्व आहे. कूपन सांगते, "तुझ्या रक्ताची ही किंमत." बिल्ला सांगतो, "तू आमच्यातला आहेस." पुरवठादाराला आम्ही कूपनांऐवजी शिबिराच्या अल्पोपाहाराचा भार उचलण्याची विनंती केली आणि त्याने ती आनंदाने मान्य केली.

आम्ही ठेवलेले सर्वांत मोठे प्रोत्साहन होते वेळेचे, आणि ते आम्हाला गरजेनेच सुचले. रक्त दिल्यावर त्या दिवशी अवजड यंत्र चालवू नये, उंचीवर चढू नये आणि जड वजन उचलू नये, असा सल्ला असतो. कार्यालयातला माणूस रक्त देऊन पुन्हा खुर्चीत बसू शकतो. यंत्रावरच्या माणसाला ते शक्य नाही. म्हणून आम्ही व्यवस्थापनाकडे मागणी केली, की शिबिरात जो जाईल त्याला पाळीच्या उरलेल्या वेळेची भरपगारी सुट्टी मिळावी. इटलीत रक्तदानाच्या दिवशी नोकरदाराला पगारी रजा देण्याची तरतूद १९६७ च्या कायद्यानेच केलेली आहे, हे आम्ही अर्जात लिहिले होते. सुट्टी मंजूर झाली, तीही रक्त घेतले जावो वा न जावो, टेबलापर्यंत आलेल्या प्रत्येकाला. विजेत्या गटासाठी एक फिरता चषक ठेवला. एवढीच आमची बक्षिसे.

शिबिरापूर्वीचे दिवस मुख्यतः सुईची भीती घालवण्यात गेले. पत्रकांवर आम्ही घोषणा कमी आणि सूचना जास्त छापल्या: आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, उपाशी येऊ नका, रक्त देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या. चक्कर येण्याचे प्रमाण तरुण, कमी वजनाच्या आणि पहिल्यांदा रक्त देणाऱ्या माणसांत जास्त असते आणि आधी प्यायलेले पाणी ते कमी करते. प्रत्येक विभागात एकेका जुन्या रक्तदात्याकडे आम्ही नव्या माणसांची जबाबदारी दिली.

शिबिराच्या दिवशी मी नोंदणीच्या टेबलावर होते, तरी मध्येच एकदा मला स्वतःची तपासणी करून घ्यायला पडद्याआड जायला मिळाले. माझ्यापुढे सुट्या भागांच्या विभागातले एक ज्येष्ठ यंत्रचालक होते. सिस्टरांनी त्यांच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब निळ्याशार मोरचुदाच्या द्रावणात सोडला. या द्रावणाची घनता नेमकी राखलेली असते, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब सरळ तळाशी जातो आणि कमी असेल तर मध्येच रेंगाळतो किंवा वर येतो. त्यांचा थेंब थोडा खाली गेला, थांबला आणि हळूहळू वर येऊ लागला. सिस्टरांनी यंत्रावर पुन्हा मोजून पाहिले. आकडा कमीच होता. काकांचा चेहरा उतरला. "सिस्टर, मी इतक्या वर्षांत कधी परत गेलेलो नाही," ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला बसवले. एका रक्तदानात शरीरातले दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते आणि ते भरून यायला कित्येक महिने लागू शकतात, हे समजावून सांगितले, हिमोग्लोबिन का कमी झाले याची तपासणी करून घ्यायला चिठ्ठी दिली आणि शेवटी म्हणाल्या, "काका, तुमचा गुण लागलेला आहे. आता आत जाऊन बसा आणि नव्या पोरांना धीर द्या." काका खरोखरच दुपारपर्यंत विश्रांतिकक्षात होते. एका प्रशिक्षणार्थी मुलाला खाटेवरून उठताना घेरी आली, तेव्हा सिस्टर येईपर्यंत त्याला पुन्हा आडवा करून त्याचे पाय उंच धरणारे काकाच होते. तो मुलगा थोड्याच वेळात सावरला.

कार्यालय जिंकले. फरक थोडाच होता आणि उत्पादन विभागाने तो खिलाडूपणे मान्य केला, पण निकालाच्या गडबडीत डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन जे सांगितले त्याने आमच्या स्पर्धेची दिशाच बदलली. घेतलेल्या रक्ताचे घटक वेगळे करून साठवतात. त्यातल्या तांबड्या पेशी थंड ठेवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स साधारण ५ दिवस. एकाच दिवशी सभागृह भरून रक्त मिळाले आणि त्यानंतर काही महिने कोणीच फिरकले नाही, तर त्याचा रुग्णाला फारसा उपयोग होत नाही. त्यातून आज दिलेला माणूस लगेच पुन्हा देऊही शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन रक्तदानांत पुरुषांनी किमान १२ आणि स्त्रियांनी किमान १६ आठवड्यांचे अंतर ठेवायचे असते. "तुमची माणसं मला वर्षभर थोडी थोडी हवीत," असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून एका दिवसाचा सामना मोडून आम्ही वर्षभराची साखळी स्पर्धा केली. प्रत्येक गटाचे छोटे संघ पाडले, संघांना वेगवेगळे आठवडे वाटून दिले आणि आपल्या आठवड्यात संघाने थेट रक्तपेढीत जाऊन यायचे असे ठरले. पहिल्यांदा येणाऱ्याला एक गुण आणि योग्य अंतर राखून पुन्हा येणाऱ्याला दोन. स्त्रियांचे अंतर अधिक असल्यामुळे वर्षात त्यांच्या संधी कमी येतात, तेव्हा माणूस वर्षात कितीदा आला यापेक्षा त्याला येता येण्यासारखे असताना तो आला का, हे मोजायचे ठरले. हे कोष्टक मी स्वतः बसून तयार केले आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण त्यामुळे घाई करून कोणालाच गुण मिळत नाहीत. गर्भवती, स्तनदा माता आणि कायमचे अपात्र असलेले लोक यांना टक्केवारीच्या पायातूनच वगळले; ती यादी रक्तपेढीकडे राहते, आम्हाला फक्त आकडा मिळतो. जे स्वतः रक्त देऊ शकत नाहीत त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आपल्या संघाचे वेळापत्रक सांभाळण्याचे काम मागून घेतले.

याच सुमारास आम्ही रक्तपेढीला आणखी एक विनंती केली. स्टॉकहोममधील रक्तसेवा रक्तदात्याला त्याचे रक्त रुग्णासाठी वापरले गेले की संदेश पाठवते, असे मी वाचले होते. आमच्या रक्तपेढीने पिशवी रुग्णालयाकडे रवाना झाल्यावर तसा संदेश पाठवायला सुरुवात केली. चषकाने जेवढी माणसे परत आली नसती तेवढी या एका ओळीच्या संदेशाने आली, असे माझे स्पष्ट मत आहे. संदेश आला की लोक तो एकमेकांना दाखवतात आणि ज्याला अजून आलेला नाही तो "माझं कधी गेलं?" म्हणून मला विचारायला येतो. त्याची प्लेटलेट्सची पिशवी पहिल्या आठवड्यातच गेली असेल, तांबड्या पेशी कदाचित अजून शीतपेटीत असतील आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, तर गोठवून वर्षभरही ठेवता येतो, हे त्याला समजावून सांगताना एकाच रक्तदानातून तीन वेगवेगळ्या रुग्णांना मदत होऊ शकते हे आपोआप सांगून होते.

आता रात्रपाळीचा प्रश्न समोर आहे. रात्रभर काम करून झोप न घेता रक्त देणे योग्य नाही आणि रक्त देऊन त्याच रात्री यंत्रावर उभे राहणेही योग्य नाही, त्यामुळे दिवसा ठरणाऱ्या वेळापत्रकात या लोकांची कायम अडचण होते आणि त्यांच्या गैरहजेरीने उत्पादन विभागाची टक्केवारी खाली येते. त्यांनी स्वतःच मागणी केली आहे, की आमचा तिसरा स्वतंत्र गट करा. डॉक्टरबाईंनी त्यांच्यासाठी साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी रक्तपेढीत वेळ राखून ठेवला आहे आणि पाळी बदलण्याच्या आठवड्यात दोन दिवस सोडून यायचे, असे वेळापत्रक मी त्यांच्या प्रतिनिधीबरोबर बसून आखते आहे. पुढच्या फेरीपासून चषकावर तीन नावे कोरली जातील. उत्पादन विभागाच्या कप्तानांनी रात्रपाळीला आत्ताच आव्हान देऊन ठेवले आहे.